परक्या ग्रहावरचा श्वास

उन्हाळा आला की देवणी, उदगीर, निलंगा या भागात विहिरींचा गाळ काढण्याची कामे निघतात. अनेक वर्षे बंद असलेल्या आडात किंवा धान्याच्या जुन्या पेवात एकदम उतरू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर माणसाने उतरायचे नाही. कारण साधे आहे. कुजणारा पालापाचोळा आणि साठवलेले धान्य आतला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. उतरलेल्या माणसाची काही कळायच्या आत शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच घरातले दोघे-तिघे जातात. कंदिलाची परीक्षाही पुरेशी नाही. काही विषारी वायू दिवा न विझवता जीव घेतात, तर काही वायू ज्योतीने पेट घेतात. म्हणून आत कोणी पडले तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला बोलावणे आणि तोवर वरून हवा सोडत राहणे हेच शहाणपणाचे.

म्हणजे आपल्याच शिवारात, पायाखाली वीस-पंचवीस हातांवर, माणूस जगू शकत नाही अशी जागा असते. दुसरीकडे मंगळावर वस्ती करण्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. परका ग्रह माणसाला राहण्याजोगा करायचा असेल तर ग्रह बदलावा लागेल की माणूस? हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने गंभीरपणे विचारला होता. बंद जागेतली हवा माणसाचे काय करते, हे तो लहानपणापासून स्वतःच्या शरीरावर अनुभवत आला होता. त्याचे नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जन्माने तो इंग्लंडचा, पण मृत्यू आला तेव्हा भारताचा नागरिक होता.

खाणीतला धडा

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक. आपला श्वास कमी-जास्त होतो तो मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर, हे त्यांनी दाखवून दिले. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर मरणारे बहुतेक मजूर जखमांनी नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हेही त्यांनीच १८९६ मध्ये मांडले. खाणीत कॅनरी पक्ष्यांसारखे छोटे प्राणी नेण्याचा सल्ला त्यांचाच. लहान प्राण्यावर विषारी वायूचा परिणाम माणसाच्या आधी दिसतो, तेवढ्या वेळात मजुराला बाहेर पडता येते.

वडील मुलाला बरोबर घेऊन हिंडत. अशाच एका खाणीत त्यांनी मुलाला छताजवळ डोके जाईल असे उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळी झाल्या, मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीजवळ पडताच त्याला पुन्हा श्वास घेता येऊ लागला. तिथे मिथेन साचला होता. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताला राहतो. विहिरीतला कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून तो तळाला राहतो. एकाच खोलीत पुरुषभर उंचीच्या फरकाने जगणे आणि गुदमरणे ठरते, हा धडा मुलगा आयुष्यभर विसरला नाही.

पाणबुड्यांना वर आणताना टप्प्याटप्प्याने आणावे, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि जीव धोक्यात येतो, याचे कोष्टक वडिलांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधीच्या प्रयोगांत तेरा-चौदा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख घालून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरला होता. पोशाख त्याच्या मापाचा नव्हता, पाणी आत शिरत राहिले. तरी ठरलेला वेळ पुरा करूनच तो वर आला.

इटन आणि ऑक्सफर्डला त्यांचे शिक्षण झाले ते गणित आणि ग्रीक-लॅटिन साहित्याचे. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तेव्हा तोंडावरचे मुखवटे तपासण्यासाठी बापलेक वायू भरलेल्या खोलीत बसले. पुढे मेसोपोटेमियात ते जखमी झाले आणि उपचारासाठी त्यांना भारतात आणण्यात आले. देश त्यांना आवडला. गोऱ्या अधिकाऱ्याने भारतीयांशी बरोबरीने वागू नये ही रीत मात्र आवडली नाही. बरोबरीने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे ठरवून ते गेले.

प्रयोगशाळा म्हणजे स्वतःचे शरीर

युद्धानंतर हाल्डेन ऑक्सफर्डला आणि १९२३ पासून केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. रक्त आम्लधर्मी झाले तर शरीर काय करते हे पाहण्यासाठी ते अमोनियम क्लोराइड पाण्यात घालून पीत. काही दिवस धाप लागे, चालणेही कठीण होई. या उद्योगातून एक उपयोगाची गोष्ट निघाली. तान्ह्या बाळांना येणाऱ्या एका प्रकारच्या झटक्यांत रक्त जास्त अल्कधर्मी होते. त्या बाळांवर हेच क्षार वापरून उपचार करता आले.

याच काळात त्यांनी उत्क्रांतीचे गणित मांडायला घेतले. एखादे जनुक थोडेसे फायद्याचे असेल तर ते सगळ्या समाजात पसरायला किती पिढ्या लागतील, याची समीकरणे त्यांनी १९२४ पासून एकामागून एक प्रसिद्ध केली. रोनाल्ड फिशर, स्यूअल राइट आणि हाल्डेन या तिघांनी डार्विनचा विचार आणि मेंडेलची आनुवंशिकता एकत्र बांधली, असे आज मानले जाते.

शुक्रावरची वस्ती

१९२७ मध्ये हाल्डेन यांनी एक कल्पित निबंध लिहिला. त्यात कोट्यवधी वर्षांनंतरची पृथ्वी आहे. माणसाने भरती-ओहोटीची ऊर्जा बेसुमार वापरल्याने पृथ्वीचे फिरणे मंदावते, चंद्र जवळ येत जातो आणि अखेर पृथ्वीचा नाश ओढवतो. बहुतेक माणसे सुखात मश्गूल असतात. एक छोटा गट मात्र शुक्रावर जायचे ठरवतो. शुक्रावर उष्णता फार आणि ऑक्सिजन कमी, असे निबंधात धरले आहे. म्हणून तो गट माणूसच बदलायला घेतो. पिढ्यान् पिढ्या निवड करत दहा हजार वर्षांत अशी माणसे तयार होतात की त्यांना पृथ्वीच्या दशांश ऑक्सिजन पुरतो आणि त्यांच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा काही अंशांनी जास्त असते. शुक्रावर आधीपासून जीव असतात. ते माणसाच्या उपयोगाचे नसल्याने मुद्दाम बनवलेले जिवाणू सोडून ते नष्ट केले जातात.

तेव्हा रॉकेट अवकाशात गेले नव्हते. दुसऱ्या ग्रहाला पृथ्वीसारखे रूप देणे याला इंग्रजीत आज जो शब्द आहे, तोही एका विज्ञानकथेत १९४२ साली आला. हाल्डेन यांच्या निबंधाचा ठसा पुढच्या इंग्रजी विज्ञानकथांवर उमटला. काही लेखकांना मात्र तो अंगावर काटा आणणारा वाटला. एका वंशाचे टिकणे एवढ्या एकाच ध्येयासाठी माणसाचे सुखदुःख बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्या ग्रहावरचे जीव पुसून टाकायचे, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती.

माणूस निवडीने बदलेल, ही कल्पना देवणीकरांना नवी वाटू नये. जिचे नाव देशभर गेले ती देवणी गाय अशीच घडली आहे. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून, इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वळू निवडून, दूधही देईल आणि काळ्या रानात नांगरही ओढेल अशी ही जात तयार केली. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तिचे तीन रंगप्रकार गोठ्यात आजही ओळखले जातात. पण इथे निवडणारा शेतकरी असतो. नको ते जनावर तो बाजारात विकतो. माणसांच्या बाबतीत कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला नाही हे ठरवणार कोण? पुढे जर्मनीत नाझींनी हाच अधिकार हातात घेतला, तेव्हा हाल्डेन त्याविरुद्ध उभे राहिले. सक्तीच्या नसबंदीचे कायदे आणि वंशश्रेष्ठतेच्या कल्पना यांना विज्ञानाचा आधार नाही, हे त्यांनी १९३८ मध्ये पुस्तक लिहून मांडले.

पोलादी टाकीतले तास

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात थेटिस ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. चौघे सुटले, ९९ जण आत गुदमरून आणि बुडून गेले. नौदलाचे खलाशी आणि गोदीतले कामगार दोन्ही त्यात होते. कामगार संघटनेने हाल्डेन यांना चौकशीत मदत करायला सांगितले. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या चार जणांना बरोबर घेतले आणि पाचही जण एका बंद पोलादी टाकीत सुमारे साडेचौदा तास बसले. कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसे डोके ठणकू लागले, धाप लागली, उलट्या झाल्या. अशा अवस्थेत सुटकेचे यंत्र नीट हाताळणे माणसाला का जमत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढे युद्धकाळात नौदलासाठी त्यांनी असे कित्येक प्रयोग केले. बर्फाच्या पाण्यात, वाढवलेल्या दाबाखाली, वेगवेगळ्या वायुमिश्रणांत ते आणि त्यांचे सहकारी बसत. दाब वाढवला की नायट्रोजन दारूसारखी धुंदी आणतो आणि शुद्ध ऑक्सिजन आकडी आणतो. अशाच एका आकडीत हाल्डेन यांच्या मणक्यांना कायमची इजा झाली. कानाचे पडदेही फाटले होते; ओढलेल्या सिगारेटचा धूर कानातून काढून दाखवण्याची गंमत ते त्यावरून करत.

या प्रयोगांतून डॉक्टरांना जे कळले ते अवकाशयात्रेलाही लागू आहे. ऑक्सिजन हा प्राणवायू, पण तोही प्रमाणाबाहेर गेला तर विष होतो. नायट्रोजन निरुपद्रवी, पण दाबाखाली तोच घातक. माणसाला राहण्याजोगी जागा म्हणजे चार-पाच वायूंचे ठरावीक प्रमाण, ठरावीक दाब आणि तापमान. यातली एक गोष्ट जरा हलली तरी शरीर काही मिनिटांत किंवा तासांत हार मानते.

जुळवून घेण्याची किंमत

हाल्डेन १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी थॅलेसेमियाविषयी एक तर्क मांडला. हा रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार भूमध्य समुद्राभोवती एवढा का आढळतो? त्यांचे म्हणणे असे की ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे, त्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असावे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हेच दाखवले.

हा विषय महाराष्ट्राला दूरचा नाही. नंदुरबार, गडचिरोली आणि पूर्व विदर्भातल्या अनेक आदिवासी व इतर समाजांत सिकलसेल आढळतो. हिवतापाच्या प्रदेशात माणूस टिकला तो काही अंशी या जनुकामुळे. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या बाळाच्या वाट्याला हाडे-सांधे फोडणारी दुखणी, रक्तक्षय आणि वारंवार दवाखाना येतो. एका प्रदेशाशी जुळवून घेतल्याची ही किंमत आहे आणि ती मुलांनी मोजली आहे. लग्नाआधी रक्ताची साधी तपासणी केली तर दोन वाहकांना आधीच सल्ला देता येतो.

१९५७ मध्ये हाल्डेन यांनी या किमतीचे गणितच मांडले. एखादे जुने जनुक हटून नवे सर्वत्र पसरायचे तर नैसर्गिक निवडीत त्यासाठी मृत्यू व्हावे लागतात, किंवा काही जण अपत्यहीन राहावे लागतात. त्यांच्या हिशेबाने एका जनुकाच्या बदलासाठी लागणारे असे मृत्यू हे त्या समाजाच्या एका पिढीच्या लोकसंख्येच्या सुमारे ३० पट असतात, आणि ही किंमत समाजाला पेलायची तर एका बदलाला सरासरी ३०० पिढ्या लागतात. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर ही ७,५०० वर्षे झाली. या गणितावर पुढे बरेच वाद झाले आणि दर याहून जास्त असू शकतो असेही दाखवले गेले. तरी तीस वर्षांपूर्वीच्या निबंधाशी ते ताडून पाहण्यासारखे आहे. तिथे दहा हजार वर्षांत शुक्रावरचा माणूस तयार होत होता. इथे निसर्गाच्या चालीने तेवढ्या काळात जेमतेम एक जनुक बदलते. तरुण हाल्डेनने रंगवलेल्या स्वप्नाचा खर्च प्रौढ हाल्डेनने असा मांडून ठेवला.

कोलकात्यातली ग्रहणाची रात्र

१९५७ मध्येच हाल्डेन आणि त्यांची शास्त्रज्ञ पत्नी हेलन स्पर्वे भारतात कायमचे राहायला आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. सुवेझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटनने केलेल्या आक्रमणाचा निषेध म्हणून देश सोडत असल्याचे त्यांनी जाहीर केले होते. इथे ते सुती भारतीय कपडे वापरू लागले आणि मांसाहार सोडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाचा पहिला स्पुटनिक आकाशात गेला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे तरुण जिवाणुशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग कोलकात्याला हाल्डेन यांच्याकडे आले होते. त्या रात्री चंद्रग्रहण होते आणि रशियन क्रांतीला ४० वर्षे पुरी होत होती. हा दिवस साजरा करायला रशिया चंद्रावर अणुस्फोट तर करणार नाही ना, अशी चर्चा जेवताना निघाली. लेडरबर्ग यांच्या मनात त्यातून काळजी उभी राहिली. अवकाशयानांबरोबर पृथ्वीवरचे जंतू चंद्रावर आणि ग्रहांवर गेले, तर तिथे मुळात जीव होते की नव्हते हे कधी कळणारच नाही. पुढच्या वर्षी लेडरबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रहांवर जंतू जाऊ नयेत यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. यान निर्जंतुक करून पाठवण्याची पद्धत त्यातून रुजली आणि १९६७ च्या अवकाश करारात ग्रह दूषित न करण्याचे कलम आले. शुक्रावरचे जीव जंतू सोडून मारण्याची कल्पना ज्याने लिहिली होती, त्याच्याच घरच्या गप्पांतून ही काळजी पुढे आली.

पृथ्वीचा स्वतःचा इतिहासही हाल्डेन यांना ठाऊक होता. १९२९ मध्ये त्यांनी मांडले होते की आरंभीच्या पृथ्वीवर ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि जीव समुद्रातल्या रसायनांच्या पातळ द्रावणात घडत गेला. रशियाचे ओपारिन यांनीही स्वतंत्रपणे तसेच म्हटले होते. पुढे कळले की सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म जिवाणूंनी हवेत ऑक्सिजन साठवायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्यांना श्वास घेण्याजोगी हवा व्हायला त्यानंतरही कोट्यवधी वर्षे लागली.

आज कुठे आहोत

१९६१ मध्ये कार्ल सेगन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने सुचवले की शुक्राच्या ढगांत शेवाळ सोडले तर ते कार्बन डायऑक्साइड वापरून ग्रह थंड करील. पण १९६२ च्या डिसेंबरात मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले आणि तो ग्रह किती तापलेला आहे हे समोर आले. आज आपल्याला माहीत आहे की शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या ९० पट दाब आहे. हाल्डेन यांच्या निबंधातल्या वस्तीला तिथे उभे राहायलाही जागा नाही.

मंगळाची अडचण उलटी आहे. तिथली हवा पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही विरळ आणि ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची. एवढ्या कमी दाबाला शरीराच्या उष्णतेवरच पाणी उकळते. विनापोशाख माणसाच्या डोळ्यांतले आणि फुप्फुसांतले पाणी उकळू लागेल आणि काही सेकंदांत शुद्ध जाईल. अमेरिकेच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या एका यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन बनवला. एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८०० ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन लागतो. म्हणजे ही साडेतीन तासांची शिदोरी झाली. हे यश मोठे आहे, कारण ते होऊ शकते हे सिद्ध झाले. पण बंद घरात चार माणसांना श्वास पुरवणे आणि अख्ख्या ग्रहाची हवा बदलणे यांत फार मोठे अंतर आहे.

आणि माणूस बदलायचा तर? १९६२ मध्ये लंडनच्या एका परिषदेसाठी हाल्डेन यांनी पुन्हा हा विषय घेतला. कमी गुरुत्वाच्या जागी माणसाच्या पायांचा फारसा उपयोग नाही. वानरासारखे पकडणारे पाय किंवा शेपटी जास्त कामाची, असे त्यांनी सुचवले. अपघातात पाय गमावलेली माणसे अंतराळवीर म्हणून अधिक योग्य ठरतील, असेही म्हटले. ऐकायला हे विचित्र वाटते. पण अंतराळस्थानकात राहणाऱ्यांच्या कंबर आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते दीड टक्का घटते आणि ती टिकवायला रोज दोन तास व्यायाम करावा लागतो, हे आज आपण पाहतो. तिथे जन्मणाऱ्या बाळाची हाडे कशी वाढतील, हा प्रश्न अजून कोणत्याही डॉक्टरपुढे आलेला नाही.

शेवटचे वर्ष

हाल्डेन निर्दोष नव्हते. ते कम्युनिस्ट पक्षात होते. त्या पक्षाच्या दैनिकात त्यांनी सामान्य वाचकांसाठी विज्ञानावर शेकडो लेख लिहिले. पण रशियात लिसेंको नावाच्या माणसाने खोट्या विज्ञानाच्या जोरावर आनुवंशिकतेच्या अभ्यासकांचा छळ मांडला, तेव्हा ते लवकर आणि स्पष्टपणे बोलले नाहीत. त्यांचे स्नेही निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्येच तुरुंगात मरण पावले होते. हाल्डेन यथावकाश पक्षापासून दूर झाले, तरी हा डाग राहिला. भारतातही त्यांचे कोणाशी फार काळ जमले नाही. १९६१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले, त्याच वर्षी सांख्यिकी संस्था सोडली आणि पुढे भुवनेश्वरला ओडिशा सरकारने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा उभी केली. तिथे सुरेश जयकर, कृष्ण द्रोणमराजू अशा तरुणांबरोबर त्यांनी काम केले. महागडी यंत्रे नसली तरी अडत नाही. झाडांची फुले मोजून, नारळाची पाने कोणत्या बाजूला वळतात ते पाहूनही चांगले विज्ञान होते, हे ते शिकवत.

१९६३ मध्ये ते जीवाच्या उगमावरच्या परिषदेला अमेरिकेत गेले. तिथे ओपारिन यांची आणि त्यांची पहिली आणि शेवटची भेट झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे उघड झाले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी या आजारावर एक हसरी कविता लिहिली, ती १९६४ मध्ये छापून आली. हेतू गंभीर होता: लाजेपोटी दुखणे लपवू नका, वेळेत दाखवा. शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय अचानक बदलणे, कारण नसताना वजन उतरणे ही लक्षणे आजही आपल्याकडे मूळव्याध समजून महिनोन् महिने अंगावर काढली जातात. डॉक्टरांनी बोटाने केलेली दोन मिनिटांची तपासणी यातले बरेच रुग्ण वेळेत पकडू शकते, आणि लवकर सापडलेला हा कर्करोग बरा होऊ शकतो.

हाल्डेन यांचा आजार उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. वय ७२. देह त्यांनी आधीच वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन ठेवला होता. तो आंध्रातील काकीनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवण्यात आला. आयुष्यभर ज्या शरीरावर त्यांनी क्लोरीन, कार्बन डायऑक्साइड आणि दाबाखालचा ऑक्सिजन सोसला, ते शेवटी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला गेले. परक्या ग्रहावर वस्तीची स्वप्ने त्यांनी कधी सोडली नाहीत. पण त्या वस्तीत एका श्वासाला काय लागते आणि एक जनुक बदलायला किती जीव जातात, हे दोन्ही हिशेबही त्यांनीच मांडून ठेवले. मंगळावर घर बांधायला निघालेल्यांना ते आधी वाचावे लागतील.